मधोमध उभं राहण्याची सोय

मुंबईत रस्त्याच्या मधोमध उभं राहायची मुभा फक्त वाहतूक पोलिसाला आहे, आणि त्यालाही तिथे उभं राहून आभाळाकडे बघायची नाही. बाकीच्यांचं तर सोडाच. फुटपाथवर चपलेचा पट्टा सारखा करायला वाकलं तरी मागून "काका, साइडला, साइडला" असा पुकारा होतो. तो करणारा गृहस्थ आपल्याला ओलांडून पुढे जातो आणि पानाच्या गादीपाशी स्वतः दहा मिनिटं रेंगाळतो. या शहरात थांबणं हा गुन्हा नसेल, पण अडथळा नक्की आहे. अशा शहरात वर्षातून एकदा, जानेवारी संपता संपता किंवा फेब्रुवारी लागला की, एक आख्खा रस्ता गाड्यांना बंद करतात आणि लोकांना सांगतात की या, मधोमध उभे राहा, हवं तेवढा वेळ बघा. पाटीवर त्या रस्त्याचं नाव के. दुभाष मार्ग. जुने लोक अजून रॅम्पार्ट रो म्हणतात. करोनाचा काळ सोडला तर १९९९ पासून तिथे काळा घोडा कला महोत्सव भरतो. नऊ दिवस. तिकीट नाही.

तिकीट नाही हे कळल्यावर भाऊला शंका आली. "मग ते कमावतात कशावर?"

आम्ही चौघं. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर, बँकेतून निवृत्त झालेला भाऊ, भाऊची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी. शनिवार-रविवारी जायचं नाही हे पहिल्याच मिनिटाला एकमताने ठरलं, कारण त्या दोन दिवसांत तिथे कला कमी आणि डोकी जास्त दिसतात. मग मंगळवारी वहिनींची भिशी निघाली, बुधवारी मास्तरांचा दाताचा डॉक्टर निघाला आणि गुरुवारी भाऊचा कुणी चुलत मेहुणा मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला येणार होता. शेवटी रविवारच उरला. निवृत्त माणसांना वेळेचा जेवढा तुटवडा असतो तेवढा कामावर जाणाऱ्यांनाही नसतो.

चर्चगेटला इंडिकेटरखाली साडेदहाला भेटायचं ठरलं होतं. अकराला भेटलो. रविवारचा मेगाब्लॉक धरला तर हे वेळेवरच म्हणायचं. तिथून ओव्हल मैदानातल्या पायवाटेने निघालो. एका हाताला आर्ट डेकोच्या गोल कोपऱ्यांच्या, गुळगुळीत गॅलऱ्यांच्या इमारती, समोर राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट. या दोन्ही रांगांना मिळून युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरवलं. मधल्या मैदानात मात्र काहीच ठरलेलं दिसत नाही. तिथे एकाच वेळी इतके सामने चालतात की कुणाचा फिल्डर कुणाच्या सामन्यात उभा आहे हे फक्त त्या फिल्डरलाच ठाऊक. एक चेंडू आमच्या पायाशी आला. मास्तरांनी उत्साहाने उचलून फेकला, तो तिसऱ्याच सामन्यात गेला आणि तिथला बॅट्समन धाव घेऊन मोकळा झाला.

महोत्सवाच्या तोंडाशी मेटल डिटेक्टरची चौकट असते. तिच्यातून प्रत्येक जण वाजतो आणि प्रत्येक जण आत जातो. सिक्युरिटीवाल्याने वहिनींची पिशवी उघडायला लावली.

"डब्यात काय आहे?"

"तिखटमिठाच्या पुऱ्या. लोणचं वेगळ्या डबीत आहे."

त्याने डबा हातात धरून जरा वेळ काढला. मग नाइलाजाने परत दिला.

आत पाऊल टाकल्या टाकल्या भाऊने मुद्द्याला हात घातला. "घोडा कुठाय?"

घोड्याची हकिगत अशी. सर अल्बर्ट ससून यांनी प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे जो पुढे सातवा एडवर्ड झाला त्याचा, अश्वारूढ पुतळा मुंबईला भेट दिला. जोसेफ एडगर बोएम या शिल्पकाराने तो घडवला आणि १८७९ मध्ये तो या चौकात उभा राहिला. पुतळा काळा. लोकांनी राजपुत्राकडे साफ काणाडोळा केला आणि चौकाला घोड्याचं नाव दिलं. वर बसलेल्यापेक्षा तो ज्याच्या जिवावर बसलाय त्याच्याकडे बघायची ही मुंबईची नजर मला फार आवडते. १९६५ मध्ये पुतळा इथून हलवला आणि पुढे भायखळ्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवला. त्यानंतर अर्धं शतक चौकात घोडा नव्हता, पण नाव तसूभर हललं नाही. बसचे कंडक्टर 'काला घोडा, काला घोडा' ओरडत राहिले, लोक उतरत राहिले, आणि घोडा दिसत नाही अशी तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. २०१७ मध्ये नवा घोडा आला, शिल्पकार श्रीहरी भोसले यांचा. याच्या पाठीवर स्वार नाही.

"म्हणजे साहेबाला उतरवलं आणि घोडा ठेवला," भाऊ म्हणाला. "आणि साहेब राणीच्या बागेत." बँकेतल्या कुठल्या साहेबाची त्याला आठवण झाली ते त्याने सांगितलं नाही, पण घोड्यासोबत फोटो मात्र दोन काढून घेतले.

पुढे रस्ताभर मांडणी. वर्तमानपत्रं तिला मांडणशिल्पं म्हणतात, तिथली मुलं इन्स्टॉलेशन म्हणतात आणि भाऊ 'ते सगळं' म्हणतो. प्लास्टिकच्या बाटल्यांचं काहीतरी दरवर्षी असतंच. यंदा देवमासा होता. समुद्राची आपण काय दशा केली हे तो सांगत होता, आणि त्याच्यासमोर उभं राहून लोक बाटलीतलं पाणी पीत होते, मग रिकामी बाटली कुठे टाकायची म्हणून इकडेतिकडे बघत होते. एका बहाद्दराने ती अलगद माशाच्या पोटात सरकवली. मास्तर म्हणाले, हीच खरी लोकसहभागाची कला.

त्याच्या पलीकडे, रस्त्याच्या ऐन मधे, एक दार उभं होतं. नुसतं दार. भिंत नाही, छप्पर नाही. चाळीतलं दोन फळ्यांचं जुनं दार, ऑइलपेंटचे थरावर थर चढलेलं, हिरव्याचा पोपडा उडाला तिथे आतला निळा दिसणारं. चौकटीला पत्र्याची टपालपेटी, आडनावाची पाटी काढल्याचा फिकट चौकोन, दूधवाल्याच्या हिशेबाच्या खडूच्या रेघा. आतल्या अंगाला कडी आणि खिळ्याला टोचलेली विजेची बिलं. शेजारच्या फलकावर इंग्रजीत परिच्छेदभर मजकूर होता. मास्तरांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा दाराकडेच बघायला लागले.

दाराच्या दोन्ही बाजूंना हवा तेवढा रस्ता मोकळा होता, तरी दारासमोर रांग लागली होती. मुंबईचा माणूस रांग दिसली की आधी उभा राहतो आणि मग पुढच्याला विचारतो, कसली आहे. आम्हीही उभे राहिलो. वहिनी सगळ्यांत पुढे होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा चपला काढाव्यात की काय असा क्षणभर विचार त्यांच्या मनात आलेला मी पाहिला. मग त्यांनी दार ढकललं, उंबरा ओलांडला, वळून दार लोटलं आणि कडी घातली. अर्धं आयुष्य चाळीत काढलेल्या हाताला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. कडी घालून त्या समोरच्या मातीच्या भांड्यांच्या स्टॉलकडे निघूनही गेल्या.

रांग थांबली. पुढच्या मुलाने दार ढकललं, उघडेना. त्याने टकटक केली. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं?"

"आतून बंद आहे."

ही बातमी हळूहळू रांगेच्या शेपटापर्यंत गेली आणि माणसं समजूतदारपणे वाट बघत उभी राहिली. भर रस्त्यात, चारी बाजूंनी उघडं असलेलं एक दार आतून बंद होतं, आणि आपण सगळे कुणीतरी उघडेल म्हणून थांबलो आहोत, याचं कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही. शेवटी एक चिमुरडी आईचा हात सोडून वळसा घालून पलीकडे गेली. कडीपर्यंत तिचा हात पोचेना, म्हणून तिने सिक्युरिटीवाल्याला हाक मारली, "अंकल, खोलो ना." दार उघडलं, रांग पुन्हा चालू झाली. दार ज्याने मांडलं त्या कलाकाराने हे पाहिलं असतं तर फलकावरचा मजकूर नक्की बदलला असता.

वहिनी तिकडे एका मातीच्या कपाची किंमत ऐकून गप्प झाल्या होत्या. सहाशे रुपये.

"हँडमेड आहे आंटी," स्टॉलवरची मुलगी म्हणाली.

"माझ्या पोळ्या पण हातानेच होतात गं," वहिनी म्हणाल्या. "इतक्या वर्षांत यांनी एकदा सहाशे काढून दिले नाहीत."

मुलगी इतकी मोकळेपणाने हसली की वहिनींना कप घ्यावाच लागला. पाचशेला मिळाला. भाऊने तो हातात घेऊन उलटा केला, बुडाशी ठसा बघितला, आणि यात चहा किती मावेल याचा हिशेब करून तो पटत नसल्याचं चेहऱ्याने सांगितलं.

मास्तरांचा प्रश्न वेगळाच होता. त्यांची उभी हयात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा घेण्यात गेली. आपल्याकडे बहुतेकांचा चित्रकलेशी शेवटचा संबंध याच परीक्षांत येतो. स्थिरचित्रात बादली-तांब्या-वांगं, स्मरणचित्रात बाजार किंवा बसस्टॉप, मग भूमिती आणि अक्षरलेखन, आणि मग आयुष्यभर काही नाही. मास्तरांना जग अजूनही ग्रेडमध्येच दिसतं. देवमाशाला त्यांनी 'सी' दिला, दाराला 'ए'. जे. जे. स्कूलमधली वाटावीत अशी मुलंमुली कडेला स्टुलं टाकून लोकांची व्यक्तिचित्रं काढत होती, तिथे तर ते प्रत्येकाच्या मागे जाऊन उभे राहिले. एका मुलीला राहवेना. "काका, काही चुकतंय का?" मास्तर म्हणाले, "कान जरा खाली आलाय." समोर बसलेला माणूस घाबरून स्वतःचा कान चाचपू लागला.

भाऊने अर्कचित्र काढून घेतलं. चित्रकार मुलाने त्याचं नाक आणि टक्कल यांना पुरेपूर न्याय दिला. भाऊ चित्राकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "केस थोडे वाढवता येतील का? फोटोत नाही येत, पण चित्रात यायला काय हरकत आहे?" मुलाने हसून चार रेघा ओढल्या. तेवढ्यावर भाऊचं कलेविषयीचं मत पार बदललं.

लहान मुलांना रंगवण्यासाठी एका कडेला लांबच लांब कापड ताणलं होतं. मास्तरही ब्रश घेऊन रांगेत शिरले. "काका, हे बारा वर्षांखालच्यांसाठी आहे," स्वयंसेवक मुलगा अदबीने म्हणाला. मास्तर मागे सरले, पण हलले नाहीत. एक पोरगा दोन डोंगर आणि मधे सूर्य काढत होता. मास्तरांनी वाकून विचारलं, "हा सूर्य डोंगरांच्या मागे आहे की पुढे?"

"मधे."

मास्तरांनी आयुष्यभर हजारो मुलांचे सूर्य खोडरबराने मागे ढकलले असतील. या एकाला त्यांनी राहू दिलं.

रस्त्यावरच्या कलेची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यासमोर कुणीही काहीही बोलतो. पाठीवर जेवणाची चौकोनी पिशवी घेतलेला, डोक्यावरचं हेल्मेटही न काढलेला एक मुलगा देवमाशासमोर उभा राहून मित्राला फोनवर सांगत होता, "अरे भंगारातला आहे, पण भारी आहे." दोन कॉलेजकन्यकांमधली एक म्हणाली, "असं तर मी पण केलं असतं." दुसरी म्हणाली, "मग केलं का नाहीस?" महापालिकेची एक झाडूवाली बाई वाळक्या पानांच्या ढिगापाशी झाडू टेकून उभी होती. हे उचलायचं की ठेवायचं, असं तिने स्वयंसेविकेला विचारलं. स्वयंसेविकेला माहीत नव्हतं. तिने फोन लावला, पलीकडच्यानेही आणखी कुणाला तरी विचारलं असावं, कारण बराच वेळ ती नुसती 'हं, हं' करत होती. शेवटी उत्तर आलं, अर्धं कलाकृतीचं आहे, अर्धं झाडाचं. बाईने ढिगाकडे एकदा बघितलं, मनाशी रेघ मारली आणि बरोबर अर्धा उचलला. समीक्षा याहून वेगळी काय असते?

अंगाला चंदेरी रंग फासून पुतळा होऊन उभा राहिलेला एक माणूस होता. पापणी लवत नव्हती. पोरं त्याला वाकुल्या दाखवत होती. भाऊ त्याच्यापुढे हाताची घडी घालून उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या काउंटरला असे तिघं होते." पुतळ्याच्या ओठाचा कोपरा हलला. भाऊने त्याच्या डब्यात पन्नासची नोट टाकली, आणि भाऊच्या हातून पन्नासची नोट सुटणं ही त्या दिवशीची खरी दुर्मीळ कलाकृती होती.

दुपारी डेव्हिड ससून लायब्ररीच्या बाजूला सावली बघून पुऱ्या काढल्या. मालाडच्या पिवळट दगडाची ही १८७० ची इमारत. वरच्या व्हरांड्यात आरामखुर्च्या आहेत आणि त्यांत पोटावर पुस्तक ठेवून झोपण्याची जुनी परंपरा आहे. खाता खाता भाऊला समोरचं ऱ्हिदम हाउस आठवलं. ते २०१६ मध्ये बंद झालं. तिथे रेकॉर्ड ऐकून बघायला छोटी दालनं असायची. "जेवणाच्या सुट्टीत जायचो, तासभर गाणी ऐकायचो आणि एक कोरी कॅसेट घेऊन बाहेर पडायचो," तो म्हणाला. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफेही २०१५ मध्ये गेलं. एका चहावर तिथे संध्याकाळ काढणाऱ्यांत चित्रकार, नट, पत्रकार आणि नुसतेच बेकार असे सगळे असत आणि कोण कोणता हे बाहेरून ओळखू येत नसे. ज्या जागा बसायला द्यायच्या त्या गेल्या आणि उभं राहायला वर्षातले नऊ दिवस मिळाले, हा सौदा मला फायद्याचा वाटत नाही.

या चौकाकडे नुसतं बसून बघणं काय असतं हे एका माणसाने दाखवून ठेवलंय. वेसाइड इन नावाचं रेस्टॉरंट इथे होतं. अरुण कोलटकर तिथे बसत. 'काळा घोडा पोएम्स' हा त्यांचा इंग्रजी संग्रह २००४ मध्ये निघाला, त्याच वर्षी ते गेले. त्यात महोत्सव नाही. ट्रॅफिक आयलंडवर पसरलेला कुत्रा आहे, सकाळी इडल्या घेऊन येणारी बाई आहे, ती आली की जमणारी फुटपाथवरची माणसं आहेत. महोत्सवाच्या दिवसांत ही माणसं कुठे जातात हा प्रश्न मला दर फेब्रुवारीत पडतो. कुत्री मात्र कुठे जात नाहीत. एक तर देवमाशाच्या सावलीत झोपलं होतं आणि लोक त्याचाही फोटो काढत होते.

जेवणानंतर हेरिटेज वॉकच्या एका घोळक्यात घुसलो. गळ्यात माइक अडकवलेली विद्यार्थिनी एस्प्लनेड मॅन्शनची माहिती सांगत होती. पूर्वीचं वॉटसन हॉटेल. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला होता, आणि ७ जुलै १८९६ रोजी तिथे ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली, भारतातला सिनेमाचा पहिला खेळ.

"तिकीट किती होतं?" वहिनींनी विचारलं.

"एक रुपया."

"तेव्हाचा?" भाऊने धसका घेतला. "मग मी गेलो नसतो."

उन्हं कलली तसे पाय बोलायला लागले आणि आम्हाला एकदम साहित्याची गोडी लागली, कारण साहित्याचे कार्यक्रम लायब्ररीच्या मागच्या बागेत होते आणि तिथे खुर्च्या होत्या. व्यासपीठावर तिघं जण इंग्रजीत शहर आणि स्मृती यांवर बोलत होते. पहिल्या पाच मिनिटांत मास्तरांची मान छातीवर आली. आम्हीही साहित्याचा आस्वाद पाय लांब करून घेतला. टाळ्या झाल्या तेव्हा मास्तर जागे झाले आणि सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

निघता निघता जहांगीरसमोर आलो. कोपऱ्याला लाटेसारखं पुढे झेपावलेलं ते काँक्रीटचं छत. वास्तुकार दुर्गा बाजपेयी. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या नावाने ही गॅलरी उभारायला देणगी दिली आणि १९५२ मध्ये ती सुरू झाली. भाऊची आख्खी नोकरी फोर्टात गेली. या छताखाली तो किती पावसाळे थांबलाय याची गणती नाही. मित्रांना भेटायला त्याने हीच जागा दिली, समोरच्या फुटपाथवर बारा महिने चित्रं मांडून बसणाऱ्या चित्रकारांशी गप्पा मारल्या, एकाकडून गणपतीही घेतला. आत मात्र कधी गेला नव्हता.

"का रे?" मी विचारलं.

"तिकीट असेल म्हणून."

"नाही."

"मग काहीतरी घ्यावं लागत असेल."

"नाही."

"मग आत जाऊन करायचं काय?"

यात भाऊचं चुकतंय असं मला वाटत नाही. गॅलरी म्हटली की आपल्या लोकांच्या मनात एक दार उभं राहतं आणि ते आपणच आतून बंद करून घेतलेलं असतं. आत समजणारी माणसं असतात, आपल्याला समजत नाही हे त्यांना समजेल, ही खरी भीती. देवमाशाला 'भंगारातला' म्हणणारा मुलगा आत गेला असता तर एक अक्षर बोलला नसता. रस्त्यावर त्याला बोलता आलं, कारण रस्ता त्याचा रोजचा आहे. गाड्या थांबवून लोकांना मधोमध उभं करणाऱ्यांनी एवढं एक काम फार चांगलं केलंय.

वहिनी एव्हाना आत शिरल्याही होत्या. "अहो, या. एसी आहे."

एसीचं नाव ऐकल्यावर भाऊ गेला. दालनात मोठमोठे कॅनव्हास, शेंदरी आणि राखाडी रंगांचे. माणूस, झाड, डोंगर काही नाही. माणसंही नाहीत. बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती आणि आत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, एकटा चित्रकार बसला होता. शेजारी टेबलावर अभिप्रायाची वही, तिच्यावर दोऱ्याने बांधलेलं पेन. इथे दालन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. ते मिळतं, मग पुरा आठवडा माणूस आपल्याच चित्रांसमोर बसून दाराकडे बघत असतो.

भाऊ एका चित्रापुढे उभा राहिला. दिवसभराच्या सवयीने त्याचं तोंड सुटलंच. "हे उलटं तर नाही ना लागलं?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. चित्रकार खुर्चीतून उठून आला. "पहिल्या दिवशी लागलं होतं," तो म्हणाला. "कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सुलटं केलं."

"मग मला आत्ता कळलं ते बरोबर होतं की नव्हतं?"

"सांगता येणं कठीण आहे," चित्रकार म्हणाला, आणि दोघंही जोरात हसले. पुढची वीस मिनिटं ते शेंदरी रंगावर बोलत होते. देवळाबाहेरच्या मारुतीचा शेंदूर आणि हा शेंदरी यांत फरक काय, तेलात कालवलेला किती वर्षं टिकतो, वगैरे. भाऊला शेंदराबद्दल इतकी माहिती आहे हे आम्हाला नव्हतं माहीत. चित्रकाराने मधूनच खिशातून कागद काढून काहीतरी टिपून घेतलं. निघताना भाऊने वहीत लिहिलं, 'सर्व चित्रे पाहिली. शेंदरी चांगला आहे.' खाली तारीख टाकून बँकेत करायचा तशी सही केली. मास्तरांनी त्याखाली आपलं नाव घातलं आणि त्यांच्या तोंडून 'ए' निघालं.

महोत्सव वर्षातले नऊ दिवस. जहांगीर सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडी असते, रविवारीही, आणि तिथे तिकीट नाही. कोपऱ्यात खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असेल. जा, आणि चित्र उलटं वाटलं तर बिनधास्त विचारा.